खुर्चीचं फुल तिकीट

थोर लेखकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. तो लांबून आहे, आणि लांबूनच राहावा म्हणून मी आयुष्यभर काळजी घेतली आहे. शाळेत त्यांचा एक धडा होता. त्या धड्यातली नदी दीड पान वाहत होती आणि परीक्षेत तिच्यावर हमखास प्रश्न यायचा. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वाटेला गेलो नाही आणि तेही माझ्या वाटेला आले नाहीत. पण माणसाने लेखकाला टाळलं म्हणून लेखकाचं फर्निचर टळतं असं नाही.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांची एक बॅग, औषधांचा एक डबा आणि एक खुर्ची आली. बॅग कपाटात गेली, डबा फ्रिजवर गेला आणि खुर्ची बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली गेली. खिडकीपाशी याआधी माझी खुर्ची होती. ती प्लास्टिकची असली तरी माझी होती आणि तिच्यावर बसून मी रोज सकाळी पेपर वाचत असे. ती गॅलरीत गेली आणि तिच्यावर सौभाग्यवतींनी कुंडी ठेवली.

अप्पांची खुर्ची लाकडी, उंच पाठीची, वेताने विणलेली. तिच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत एक दोरी बांधलेली. दोरीचा अर्थ असा की इथे बसायचं नाही. का बसायचं नाही? तर फार वर्षांपूर्वी एका दुपारी अप्पांच्या वडिलांच्या घरी थोर लेखक आले होते आणि या खुर्चीत बसले होते. एवढंच. काही लिहिलं नाही, काही वाचून दाखवलं नाही, बसले आणि गेले. पण त्या दिवसापासून त्या घरात त्या खुर्चीत कोणी बसलं नाही. वडील बसले नाहीत, अप्पा बसले नाहीत, माझ्या सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्याने हैराण होत्या, त्याही बसल्या नाहीत. सासूबाई नवऱ्याला ‘हे’ म्हणायच्या आणि अप्पा लेखकांना ‘ते’ म्हणायचे. त्यामुळे त्या घरात नाव घेऊन हाक मारण्यासारखं माणूसच उरलं नव्हतं.

आता गुडघे अप्पांचे गेले होते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की खाली बसू नका, बुटक्या स्टुलावर तर मुळीच बसू नका, चांगल्या उंच खुर्चीत बसत जा. घरात चांगली उंच खुर्ची एकच होती. अप्पा तिच्या शेजारी बुटकं स्टूल ओढून बसत, गुडघे हनुवटीपर्यंत वर, आणि मऊ फडक्याने तिचे हात पुसत. उठताना त्यांना खुर्चीचा आधार घेता आला असता. तोही ते घेत नसत. भिंतीचा घेत. हे सगळं मला रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हातात पेपर धरून बघावं लागे.

एका सकाळी अप्पा म्हणाले, “जावईबापू, मला हिची सोय लावायची आहे.”

माझी नजर आपोआप त्यांच्या मुलीकडे गेली.

“खुर्चीची म्हणतोय मी,” अप्पा म्हणाले. “त्यांच्या गावी त्यांचं संग्रहालय आहे. तिथे नेऊन देऊ. माझे आता किती दिवस राहिलेत? मी गेलो की तुम्ही लोक हिच्यावर बसाल.”

‘तुम्ही लोक’ म्हणताना ते फक्त माझ्याकडे बघत होते. मी त्यांना खोटं पाडू शकलो नाही, कारण खिडकी, ऊन, पेपर आणि ती खुर्ची असं चित्र मी मनात कितीदा तरी रंगवलं होतं. पण संग्रहालय ही कल्पना त्याहून बरी होती. खुर्ची गेली तर कोपरा रिकामा होणार होता.

“तिथे एक छोटी पट्टी लावतील,” अप्पा म्हणाले. “खुर्ची कोणाच्या घरून आली ते लिहितात त्यावर. माझ्या वडिलांचं नाव लागेल. मग मी मोकळा झालो.”

हे ऐकून सौभाग्यवतींनी डोळे पुसले. मीही पुसले असते, पण मला हसू आवरत नव्हतं म्हणून मी पेपर तोंडासमोर धरला.

आमच्या इमारतीत गुप्त अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख. बाकी सगळं तासाभरात सगळ्यांना कळतं. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खाली उतरले. हेडमास्तर निवृत्त झाले आहेत असं शाळेने कळवलं होतं, त्यांना ते अजून पटलेलं नाही.

“काचेच्या पेटीचा आग्रह धरा,” ते म्हणाले. “नुसती कोपऱ्यात ठेवतो म्हणाले तर परत आणा. आणि भाषणाची तयारी ठेवा. अशा प्रसंगी चार शब्द बोलायला लावतात. तुमचं वाचन आहे का?”

“आहे की,” मी म्हणालो.

“काय वाचलंय त्यांचं?”

“नदी,” मी म्हणालो.

हेडमास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वर्गाबाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं. तेवढ्यात समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खुर्चीचा प्रत्येक पाय हलवून पाहिला. सवयच ती. मागचा डावा पाय हलतो आहे, प्रवासात तो निघून येईल, म्हणून खुर्ची चादरीत घट्ट गुंडाळून न्या असं त्यांनी सांगितलं. माझ्या मेहुण्याने फोनवरून सल्ला दिला की गाडीनेच न्या, बसने नेऊ नका. त्याच्याकडे गाडी आहे. ती मिळेल का असं विचारल्यावर गाडीची सीट कव्हरं नवीन आहेत असं कळलं. वडिलांच्या वडिलांचं नाव लागणार म्हणून त्याचा ऊर मात्र भरून आला होता.

रविवारी सकाळी अप्पा, सौभाग्यवती आणि मी निघालो. खुर्ची फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेली होती. गुंडाळलेली खुर्ची ही खुर्चीसारखी दिसत नाही, डोक्यावरून पांघरूण घेऊन बसलेल्या म्हातारीसारखी दिसते हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं. मी ती पोटाशी धरून चाललो होतो. पानाच्या दुकानाशी उभ्या असलेल्या एका सज्जनांनी “दवाखान्यात का?” असं हळू आवाजात विचारलं आणि ते दोन मिनिटं माझ्याबरोबर चालले.

बस स्टँडवर बसायला एकच बाक होता आणि त्यावर गठुडी बसलेली होती. मी खुर्ची खाली ठेवली. चादर ढिली झाली होती ती काढून टाकली. अप्पा खुर्चीशेजारी उभे राहिले. आता चित्र असं झालं: मध्ये रिकामी खुर्ची, शेजारी पाय लटपटणारा म्हातारा माणूस आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मी, त्याचा जावई. जो येई तो आधी अप्पांकडे बघे, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघे.

“अहो, बसू द्या की त्यांना,” एक बाई म्हणाल्या.

“ते बसत नाहीत,” मी म्हणालो.

“का? तुमची परवानगी लागते?”

“त्यांची खुर्ची आहे.”

“त्यांची खुर्ची आणि त्यांनाच उभं केलंय!” बाई बाकीच्या लोकांना म्हणाल्या. आजकालच्या माणसांविषयी मग तिथे एक छोटं चर्चासत्र झालं. आजकालचा माणूस म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं जात होतं. अप्पांनी खुलासा करावा म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते थोर लेखकांच्या गावाच्या दिशेने बघत होते.

बस आली. कंडक्टरने दारातच हात आडवा घातला.

“हे काय?”

“खुर्ची.”

“ते दिसतंय. सामान म्हणून न्यायची तर टपावर टाका.”

“टपावर नाही!” अप्पा ओरडले.

“मग आत सीटवर ठेवावी लागेल. मधल्या वाटेत ठेवायची नाही असा नियम आहे. सीट अडवली की फुल तिकीट.”

“खुर्चीला फुल तिकीट?” मी म्हणालो.

“पाच वर्षांच्या आतली आहे का?” कंडक्टरने विचारलं. गाडीतले लोक हसले. मला विनोद कळतो, पण तो दुसऱ्यावर झालेला जास्त चांगला कळतो.

गाडीत तीनच जागा शिल्लक होत्या. एका जागेवर अप्पा बसले, एकावर सौभाग्यवती, आणि त्यांच्या शेजारी खिडकीजवळ खुर्ची बसली. मी उभा राहिलो. मीही फुल तिकीट काढलं होतं. वरच्या दांडीला लोंबकळत मी त्या खुर्चीकडे बघत होतो. ती बाहेरची शेतं बघत होती. ऊन लागू नये म्हणून सौभाग्यवतींनी तिच्या बाजूचा पडदा ओढून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या बाजूचा पडदा त्यांनी कधी ओढल्याचं मला आठवत नाही.

अर्ध्या वाटेत टायर गेला. सगळे खाली उतरले. खुर्ची उतरवायची गरज नव्हती, पण ड्रायव्हर जॅक लावायला लागला आणि गाडी तिरकी होऊन खुर्ची पडेल म्हणून अप्पांनी ती उतरवायला लावली. आता भर रस्त्याच्या कडेला, उन्हात, सगळी बस उभी आणि मध्ये एक रिकामी खुर्ची. एक लठ्ठ बाई पाय सुजलेत म्हणाल्या आणि त्यांनी दोरीला हात घातला.

“बसू नका,” अप्पा म्हणाले. “त्यावर थोर लेखक बसले होते.”

“आता उठलेत ना?” बाई म्हणाल्या.

हा मुद्दा बिनतोड होता. मला स्वतःला तो इतकी वर्षं सुचला नव्हता. पण अप्पा खुर्चीच्या पुढे आडवे उभे राहिले. “मीही उभा आहे की,” ते म्हणाले, आणि खरंच उभे होते, पांढरेफटक पडून, एका हाताने माझा दंड धरून. टायर बदलेपर्यंत कोणी आमच्याशी बोललं नाही. आमच्याविषयी मात्र सगळे बोलले.

थोर लेखकांचं गाव हे गाव म्हणून काही वाईट नसावं, पण ते आता गाव राहिलेलं नाही. तिथलं केस कापायचं दुकान थोर लेखकांच्या नावाचं, पंक्चरचं दुकान त्यांच्या पहिल्या कादंबरीचं, आणि जनावरांचा दवाखाना त्यांच्या नायिकेच्या नावाने. सगळ्या गावात त्यांची पुस्तकं विकणारं दुकान मला एकच दिसलं आणि ते दुपारपर्यंत बंद होतं. चौकात त्यांचा पुतळा उभा होता. पुढच्या चौकात दुसरा पुतळा, तोही उभा. नगरपालिकेच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र होतं, तेही उभं. शिल्पकारांना खुर्ची घडवायचे वेगळे पैसे द्यावे लागत असतील असं मी सौभाग्यवतींना म्हणालो. त्या म्हणाल्या, निदान आज तरी तोंड आवरा.

अप्पांना जरा टेकायला मिळावं म्हणून आम्ही चहाच्या दुकानात गेलो. तिथे बसायला काहीच नव्हतं. उंच फळी होती आणि लोक फळीवर कप ठेवून उभे होते. भिंतीवर पाटी होती: ‘थोर लेखक याच जागी उभ्याने चहा घेत असत.’ मालकाने या एका पाटीच्या जोरावर किती टेबलांचे आणि खुर्च्यांचे पैसे वाचवले असतील याचा मी विचार करत होतो. अप्पांनी मात्र पाटी वाचून डोळे मिटले आणि उभ्याने, फळीला कोपर टेकून, अगदी मनापासून चहा घेतला. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या ते मला दिसत होतं. आम्ही इतके मूर्ख की दोन चौक, एक भिंत आणि एक पाटी एवढं सगळं डोळ्यांसमोर असूनही तिघांपैकी एकालाही काही सुचलं नाही.

संग्रहालयाच्या फाटकावर गणवेशातला पहारेकरी होता.

“खुर्ची आत नेता येत नाही,” तो म्हणाला. “आवारात बसायला मनाई आहे.”

“आम्ही बसणार नाही. संग्रहालयाला देणार आहोत.”

“देणाऱ्यांचं दार मागे.”

आम्ही मागे गेलो. मागच्या दारावर आतून कडी होती आणि बाहेर पाटी होती की पुढच्या फाटकावर चौकशी करावी. आम्ही पुढे आलो. पहारेकरी म्हणाला की मागच्या दाराची कडी काढायला आतून माणूस लागतो, आतला माणूस तोच आहे आणि त्याला फाटक सोडता येत नाही. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं. शेवटी अप्पा फाटकाचे गज धरून एकदम वाकले, तेव्हा त्याला भीती वाटली आणि त्याने आम्हाला पुढूनच आत सोडलं.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई आपल्या खोलीत डबा खात होत्या. त्यांनी आधी खुर्ची पाहिली, मग आम्हाला पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

“आणखी एक,” त्या म्हणाल्या.

“आणखी एक काय?” सौभाग्यवतींनी विचारलं.

बाई उठल्या, त्यांनी किल्ली घेतली आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं. आत खुर्च्या होत्या. जमिनीपासून पत्र्यापर्यंत, एकीत एक पाय घालून रचलेल्या खुर्च्या. वेताच्या, लाकडी, गादीच्या, झुलत्या. एका खुर्चीला चाकं होती. एकीला लहान मुलाला अडकवायचा पट्टा होता.

“या सगळ्यांवर थोर लेखक बसले होते,” बाई म्हणाल्या. “माणसं लांबून लांबून येतात, रडतात, खुर्ची ठेवतात आणि जातात. मला नाही म्हणता येत नव्हतं. आता म्हणावं लागतं, कारण आणखी एक ठेवली तर दार लागणार नाही.”

“पण आमच्याकडे ते खरंच बसले होते,” अप्पा म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना हे बोलायचं जिवावर आलं होतं हे कबूल करायला हवं. “आजोबा, तुम्ही पुढच्या दालनातून आलात ना? तिथे काय पाहिलंत?”

आम्ही काहीच पाहिलं नव्हतं. आम्ही खुर्ची दारांतून कशी काढायची ते पाहत होतो.

त्यांनी आम्हाला दालनात नेलं. तिथे छातीएवढं उंच मेज होतं आणि त्यावर दौत होती. थोर लेखकांची पाठ तरुणपणीच कामातून गेली होती. त्यांना बसता येत नसे. ते उभ्याने लिहीत, उभ्याने जेवत, पाहुण्यांशी उभ्याने बोलत आणि गाडीतही उभ्यानेच प्रवास करत. आयुष्यभर एक तर उभे, नाहीतर आडवे. “ही गोष्ट इथे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे,” बाई म्हणाल्या. “लोक ती वाचतात, मेजाबरोबर फोटो काढतात आणि मग मागे येऊन मला खुर्ची देतात.”

अप्पा त्या मेजापाशी गेले आणि त्यांनी त्याची उंची आपल्या छातीशी लावून पाहिली. खरं सांगतो, त्या वेळी मला कोपऱ्याची आठवण झाली नाही.

“आमच्याकडे आले होते एवढं नक्की,” ते म्हणाले.

“आले असतील,” बाई हळुवार म्हणाल्या.

“अप्पा,” सौभाग्यवती म्हणाल्या, “तुम्हीच तर सांगायचात, तुम्ही त्यांच्या समोर बसला होतात.”

“मी शाळेत होतो गं,” अप्पा म्हणाले. “संध्याकाळी घरी आलो तर दोरी बांधलेली होती. वडिलांना काही विचारायची सोय नव्हती.”

म्हणजे एवढंच. एक मुलगा शाळेतून आला, त्याला एक दोरी दिसली आणि तो म्हातारा होईपर्यंत उभा राहिला. मला संताप आला. कोणाचा ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी तो लेखकांवर काढला आणि खुर्ची उचलून फाटकाकडे चालू लागलो.

फाटकावर पहारेकरी बदलला होता. नवा पहारेकरी तरतरीत होता आणि हीच खरी अडचण होती.

“कुठे चाललात?”

“घरी.”

“खुर्ची घेऊन?”

“आमची आहे. आम्हीच आणली होती.”

“संग्रहालयात कोणी खुर्ची घेऊन येतं का?” त्याने विचारलं. या वाक्याला उत्तर म्हणून मी पत्र्याच्या खोलीकडे बोट दाखवलं, पण अप्पांच्या चालीने आम्ही फाटकापर्यंत येईपर्यंत बाई तिला कुलूप लावून उरलेला डबा घेऊन घरी गेल्या होत्या. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. सहलीला आलेली माणसं गोळा झाली. लेखकांची खुर्ची चोरताना पकडले असं कोणीतरी म्हणालं आणि मोबाइल वर झाले. एका गृहस्थांनी मला जरा डावीकडे तोंड करायला सांगितलं. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून आहे. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांत कोणी पेन्सिलसुद्धा उचलली नाही, आणि मी हातात खुर्ची घेऊन फोटोसाठी डावीकडे तोंड करत होतो.

“ही खुर्ची थोर लेखकांची नाही,” मी जोरात म्हणालो.

“तुमच्या म्हणण्याला काय अर्थ आहे?” पहारेकरी म्हणाला. “खुर्ची कोणाची म्हणता?”

“यांची.” मी अप्पांकडे पाहिलं.

“मग त्यांनी सांगावं. आजोबा, ही थोर लेखकांची खुर्ची आहे का?”

अप्पा ‘हो’ म्हणाले तर आम्ही चोर होतो. ‘नाही’ म्हणाले तर त्यांचे वडील, त्यांची बायको, त्यांचे गुडघे आणि इतक्या वर्षांची ती फडक्याने पुसलेली प्रत्येक सकाळ, सगळंच वायफळ ठरत होतं. सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरला. मी मनात म्हणालो, म्हणू दे ‘हो’, जाऊ तुरुंगात, तिथे निदान बसायला मिळेल.

अप्पा पुढे आले. त्यांनी मला खुर्ची जमिनीवर ठेवायला लावली आणि दोरीची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. ती इतकी जुनी होती की लाकडासारखी झाली होती. ते नखांनी ओढत राहिले. शेवटी पहारेकऱ्यालाच राहवलं नाही. त्याने कंबरेच्या जुडग्यातली एक किल्ली गाठीत घालून ती उकलून दिली. अप्पांनी दोरी गुंडाळून खिशात ठेवली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन ते हळूच वळले आणि बसले.

वेत करकरला. मागचा डावा पाय जरा हलला आणि थांबला. अप्पांनी पाठ टेकवली. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसल्यावर काय वाटतं ते ज्याला ठाऊक आहे त्याला तो आवाज समजेल.

“माझी आहे,” ते म्हणाले. “वडिलांची होती. आता माझी आहे.”

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सहलीची माणसं जरा निराश झाली आणि मोबाइल खाली गेले. पहारेकऱ्याचं मात्र समाधान झालं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “आता उठा. आवारात बसायला मनाई आहे.”

“नाही उठत,” अप्पा म्हणाले.

“अहो, नियम आहे.”

“असू दे. मी खूप उभा राहिलोय.”

नियम पहारेकऱ्यालाही मोडता येईना आणि अप्पांनाही उठवता येईना. त्यातून एकच मार्ग निघाला. एका बाजूने तो आणि एका बाजूने मी, अशी आम्ही अप्पांसकट खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवली. बाहेर नेल्यावरही अप्पा उठायला तयार नव्हते. पहारेकरी फाटकात परतला. मग एका बाजूने मी आणि एका बाजूने एक रिक्षावाला, अशी खुर्ची उचलून त्यांची मिरवणूक चौकापर्यंत गेली. थोर लेखकांच्या पुतळ्यासमोरून जाताना अप्पांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते उभे होते. अप्पा बसलेले होते.

परतीच्या बसला तोच कंडक्टर होता.

“खुर्चीचं फुल तिकीट,” तो म्हणाला.

“मी हिच्यात बसूनच जाणार,” अप्पा म्हणाले. “मग तिकीट कोणाचं, माझं की तिचं?”

कंडक्टरने विचार केला. त्याच्या नियमांत हे कुठेच बसत नव्हतं. त्याने एकच तिकीट फाडलं आणि मधल्या वाटेचा नियम विसरून खुर्ची मागच्या रुंद जागेत लावून दिली. परतताना मला सीट मिळाली. पण अप्पांचा तोल जाऊ नये म्हणून प्रत्येक वळणाला उठून खुर्ची धरावी लागली, आणि त्या रस्त्याला वळणं फार आहेत.

घरी हेडमास्तर जिन्यातच उभे होते. “घेतली नाही का त्यांनी?” त्यांनी विचारलं. आवाजात सहानुभूती होती आणि तिच्याखाली आनंदाची उकळी होती.

“मी दिली नाही,” अप्पा म्हणाले.

“पण एवढे थोर लेखक बसले होते तिच्यावर...”

“कोणी सांगितलं? मी बसलो होतो,” अप्पा म्हणाले आणि खुर्ची वर न्यायची मला खूण केली.

तेव्हापासून खिडकीतल्या कोपऱ्याची आशा मी सोडली आहे. रिकामी खुर्ची हलवता येते, पण अप्पा बसलेली खुर्ची हलवता येत नाही. सकाळी ते उन्हात पाय सोडून बसतात, पेपर आधी ते वाचतात आणि वाचून झाला की घडी मोडून मला देतात. मी त्यांच्या बुटक्या स्टुलावर बसतो, गुडघे हनुवटीपर्यंत वर. गॅलरीतली माझी प्लास्टिकची खुर्ची आणता आली असती, पण कुंडीला आता तीच जागा मानवली आहे असं सौभाग्यवतींचं मत आहे. परवा तर अप्पांनी मला त्या नदीवर प्रश्न विचारला. नदी बरी लिहिली आहे, पण माणूस जरा बसला असता तर ती इतकी लांबली नसती, असं ते म्हणाले.

एकदा ते डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी चोरपावलांनी खिडकीपाशी गेलो. खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत दोरी बांधलेली होती. जाताना ते बांधून जातात आणि आल्यावर स्वतः सोडतात. गाठ साधी असते, एका बोटाने सुटेल अशी. मी थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि स्टुलावर येऊन बसलो.

जुनी दोरी विरली होती. ही नवीन आहे. मीच आणून दिली.